शाळेत फायबर आलं. तास लाइव्ह घ्यायचा की धडे साठवून ठेवायचे?

खडूफळा

नमस्कार मंडळी. गावातली आठवीपर्यंतची शाळा आहे. चार खोल्या, पटावर ११० मुलं, चार शिक्षक. गणित-विज्ञान नीट शिकवू शकेल असं त्यांत कुणी नाही. शाळेत फायबर पोचलंय, कागदावर १०० एमबीपीएस डाऊनलोड आणि २० अपलोड. २४ टॅबलेट आहेत आणि एक प्रोजेक्टर. शाळेच्या वेळात वीज दोन-तीन तास तरी जातेच.

बेत असा की दुसऱ्या गावातल्या गणिताच्या शिक्षकांनी आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर सातवी-आठवीचा तास घ्यायचा, बाकीचे दिवस मुलांनी टॅबवर धडे बघून सराव करायचा आणि उरलेला अभ्यास घरी फोनवर. घरोघरी फोन बहुधा एकच, तोही रात्री आठनंतर मुलांच्या हाती येतो.

अडतं कुठे: स्पीड टेस्टला ९० च्या वर आकडा येतो, पण २४ टॅब एकदम चालू केले की व्हिडिओ गोल फिरत बसतो आणि कॉलवरचा आवाज तुटतो. मोठा प्लॅन घ्यायचा, राउटर बदलायचा, की आणखी काही? आणि शिकण्याच्या अंगाने हा बेत मुळात बरा आहे का, तेही सांगा. नुसतं तांत्रिक उत्तर नको.

वायरमन

मोठा प्लॅन घेऊ नका, निदान खालची तपासणी झाल्याशिवाय तरी नको. ९० एमबीपीएस येत असताना वर्ग अडत असेल तर दोष बहुतेक वेळा शेवटच्या दहा मीटरमध्ये असतो.

एक लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. दोन खिडक्या उघडून एकीत राउटरच्याच पत्त्याला सतत पिंग लावा (छोटा संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणं), दुसरीत बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला. दुसरा लॅपटॉप वर्गात वायफायवर ठेवून तिथेही हेच करा. मग २४ टॅब सुरू करायला सांगा आणि आकडे बघत राहा. वायफायवरच्या लॅपटॉपचा राउटरपर्यंतचाच पिंग दोन-पाच मिलिसेकंदांवरून शेकड्यांत गेला, तर आजार वायफायचा. केबलवरून राउटर शांत आहे पण बाहेरचा पिंग उडतोय, तर लाईनच्या तोंडाशी रांग लागते आहे. आणि सगळे टॅब बंद असतानाही बाहेरची पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) हरवत असतील, तरच कंपनीला फोन करा. अशा वेळी ओएनटीचा, म्हणजे फायबर ज्या डब्यात येऊन संपतं त्याचा, ऑप्टिकल पॉवर (प्रकाशाचा जोर) किती येतो ते त्यांना विचारा. जीपॉनमध्ये, म्हणजे एक फायबर अनेकांत वाटण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, उणे ८ ते उणे २७ डीबीएम (सिग्नलच्या जोराचं माप) ही साधारण चालणारी मर्यादा. उणे २५ च्या खाली गेलेली लाईन आज चालते, पण एखादा जोड सैल झाला किंवा केबल भिंतीच्या कोपऱ्यात घट्ट वाकली की रोज थोडा वेळ गायब होते.

तुमच्या वर्णनावरून मला पहिला प्रकार वाटतो. हिशेब करा. ४८०पीचा व्हिडिओ साधारण एक एमबीपीएस घेतो. २४ टॅब म्हणजे २४-२५ एमबीपीएस. लाईनला हे काहीच नाही. पण कंपनीने दिलेला एकच डबा, तो मुख्याध्यापकांच्या खोलीत, मध्ये दोन भिंती, आणि टॅब स्वस्तातले म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्झवाले असतील तर त्या बँडवर २० मेगाहर्ट्झच्या चॅनलमधून भरल्या वर्गात खरा वेग १५-२० एमबीपीएसच्या वर जाणं कठीण. एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं. कोपऱ्यातला रेंज कमी असलेला टॅब तोच डेटा हळू बोलतो, आणि तेवढा वेळ बाकीचे २३ ताटकळतात.

उपाय: ज्या खोलीत टॅब वापरणार त्या खोलीत स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट (वायफाय सोडणारा डबा), शक्यतो छताजवळ, राउटरपासून केबल ओढून. केबलची लांबी १०० मीटरच्या आत. दोन वेगळ्या इमारती असतील तर मधला तुकडा तांब्याचा ठेवू नका. विजेच्या कडकडाटात दोन्ही टोकांची उपकरणं एकदम जातात. तिथे फायबर टाका. रिपीटर तर नकोच. तो ऐकलेलं त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो, म्हणजे हवेतला वेळ दुप्पट खर्च. २.४ वर चॅनल १, ६, ११ याखेरीज काही वापरू नका, रुंदी २० वरच ठेवा, जुने १ आणि २ एमबीपीएसचे रेट बंद करा आणि पॉवर मध्यम ठेवा. पॉवर पूर्ण वाढवली की ॲक्सेस पॉइंटचा आवाज टॅबपर्यंत पोचतो, पण टॅबचा आवाज उलट पोचत नाही. रेंजच्या दांड्या भरलेल्या आणि नेट बंद, हा प्रकार त्यातूनच येतो. टॅब ५ गिगाहर्ट्झ धरत असतील तर त्यांना तिकडेच ढकला.

आता कॉलवर आवाज तुटणं. त्याचं एक वेगळं कारणही असतं आणि ते लोकांच्या लक्षात येत नाही. कुणाच्या फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला की २० एमबीपीएसचा अपलोड भरतो, दोन लॅपटॉपनी अपडेट काढले की डाऊनलोड भरतो, राउटरच्या पोटात रांग लागते आणि आवाजाची छोटी पॅकेट त्या रांगेत मागे उभी राहतात. यावर इलाज म्हणजे राउटरवर रांगेची शिस्त लावणं. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची खुली प्रणाली) चालणाऱ्या राउटरवर एसक्यूएम नावाचं पॅकेज असतं, त्यात केक हा पर्याय निवडा आणि वेग मोजलेल्या आकड्याच्या ८५-९० टक्के टाका: डाऊनलोड ८०, अपलोड १७. थोडा वेग मुद्दाम सोडला की रांग कंपनीच्या यंत्रात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे तिला वळण लावता येतं. शिवाय टॅबवर ॲपचे आपोआप अपडेट बंद करा आणि शाळेच्या लॅपटॉपवर ते जोडणं 'मीटर्ड' करून ठेवा, म्हणजे ते मोजून डेटा वापरतात.

जुनी_वही

वायरमन यांचं सगळं बरोबर आहे, पण २४ टॅबनी एकच धडा २४ वेळा बाहेरून का आणायचा? दहा मिनिटांचा ४८०पी धडा साधारण ८० एमबीचा. वर्गाने तो एकदा बघितला की लाईनवरून जवळपास दोन जीबी गेले. तोच धडा शाळेतल्या एका यंत्रावर ठेवला तर ८० एमबी एकदाच, तेही रात्री.

यासाठी कोलिब्री बघा. लर्निंग इक्वॅलिटी या ना-नफा संस्थेने बनवलेली मोफत प्रणाली आहे, मुळात नेट नसलेल्या ठिकाणांसाठीच. एका यंत्रावर ती बसवायची, धड्यांचे चॅनल एकदा उतरवून घ्यायचे. मुलं टॅबच्या ब्राउझरमध्ये त्या यंत्राचा पत्ता टाकून आत जातात. शिक्षक वर्ग तयार करतात, धडे नेमून देतात, चाचणी लावतात, कोण कुठे अडकलंय ते बघतात. बाहेरचं नेट गेलं तरी हे सगळं चालू राहतं, वीज मात्र हवी. विश्वकोशासाठी किविक्स हे नेटशिवाय वाचायचं मोफत ॲप: अख्खा विकिपीडिया एका झिम फाइलमध्ये येतो. चित्रांसह इंग्रजीचा १०० जीबीच्या आसपास जातो, मराठीचा त्याच्या तुलनेत चिमुकला, तो आधी घ्या. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स ऑफलाइन चालतात. विद्युत मंडल जुळवणं, अपूर्णांकांची तुलना वगैरे आठवीपर्यंत फार उपयोगी.

यंत्र कोणतं? लोक उत्साहाने रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घेतात. चालतो, पण तीन ठिकाणी दगा देतो. पहिलं, त्याचं स्वतःचं वायफाय दहा-पंधरा टॅबच्या पुढे लंगडतं, म्हणून त्याला केबलने ॲक्सेस पॉइंटला जोडा आणि त्याचं वायफाय बंद ठेवा. दुसरं, एसडी कार्ड. लिहिणं चालू असताना वीज गेली की कार्डावरची फाइल प्रणाली बिघडते. यूएसबीवर एसएसडी लावा आणि पाच व्होल्ट तीन अँपियरचाच पुरवठा द्या, मोबाइलचा चार्जर नको. तिसरं, पाय ४ पर्यंतच्या मॉडेलांत घड्याळाची बॅटरीच नाही. नेट नसताना पुन्हा सुरू झाला की तो जुन्याच तारखेत उठतो आणि मुलांच्या चाचण्यांच्या नोंदी उलटसुलट होतात. डीएस३२३१ नावाचं छोटं घड्याळ-मॉड्यूल लावलं की हा प्रश्न मिटतो.

माझ्या मते त्यापेक्षा आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप बरा. त्यात घड्याळ आहे, पडदा आहे आणि बॅटरी आहे, म्हणजे वीज गेल्यावर धक्क्याने बंद पडत नाही. २५६ जीबी एसएसडी पुरते. झाकण मिटल्यावर झोपणार नाही अशी सेटिंग करा आणि राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता कायमचा बांधून ठेवा. हा पत्ता बांधलेला नसला की एका सोमवारी सगळे टॅब 'पेज सापडत नाही' म्हणतात आणि दोष सर्व्हरवर जातो. टॅबवर ब्राउझर फार जुना असेल तर कोलिब्रीचं पान कोरं दिसतं; ते आधी एका टॅबवर तपासा, मग २४ वर.

आणि एक. यूट्यूबवरून व्हिडिओ उतरवून सर्व्हरवर ठेवू नका. खुल्या परवान्याचं साहित्य भरपूर आहे, आणि तुमच्याच शिक्षकांनी फोनवर रेकॉर्ड केलेला धडा कोलिब्री स्टुडिओतून चॅनल करून टाकता येतो. मुलांच्या बोलीतला दहा मिनिटांचा धडा परक्या आवाजातल्या चकचकीत व्हिडिओपेक्षा जास्त वेळा बघितला जातो.

तासिका

खडूफळा, तुम्ही शिकण्याच्या अंगाने विचारलंत म्हणून लिहिते.

आधी एक थंड पाणी. पेरूमध्ये ग्रामीण प्राथमिक शाळांना मुलागणिक लॅपटॉप दिले होते. ३१९ शाळांची तुलना करणारा अभ्यास २०१२ साली आला: यंत्रांचा वापर खूप वाढला, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. यंत्र आलं, पण तासाला त्याचं काय करायचं हे कुणी बदललं नव्हतं. उलट उरुग्वेने २००७ पासून सीबाल योजनेत आधी लॅपटॉप आणि जोडणी दिली आणि २०१२ पासून त्याच जाळ्यावरून प्राथमिक शाळांत इंग्रजी शिकवायला घेतलं. त्यांची रचना बघण्यासारखी आहे. दूरचा शिक्षक आठवड्यातून एकदा ४५ मिनिटं पडद्यावर येतो. वर्गातला शिक्षक, ज्याला स्वतःला इंग्रजी जेमतेम येतं, तो त्याच आठवड्यात आणखी दोन तास त्याचा सराव घेतो. दोघांचं पाठनियोजन एकच आणि ते आधी ठरलेलं.

म्हणून तुमच्या बेतात मी एक बदल करेन: आठवड्याला दोन लाइव्ह तासांऐवजी एकच लाइव्ह आणि दोन सरावाचे तास तुमच्या शिक्षकांसोबत. लाइव्ह तासात व्याख्यान नको. व्याख्यान रेकॉर्ड करून जुनी_वही सांगतात त्या सर्व्हरवर टाका, मुलांनी ते आदल्या दिवशी बघावं. दूरचा माणूस हवा तो प्रश्न विचारायला, चूक कुठे होते ते शोधायला. ऋण संख्यांची वजाबाकी मुलगा का चुकवतो हे व्हिडिओला कळत नाही, समोरच्या माणसाला दोन प्रश्नांत कळतं.

वर्गातला शिक्षक त्या वेळी बाहेर जाऊन हजेरीपत्रक भरत बसला तर तास बुडाला असं समजा. फळ्यावर मुलांना पाठवणं, वह्या कॅमेऱ्यासमोर धरणं, गप्प बसलेल्या मुलीचं नाव दूरच्या शिक्षकाला सांगणं, ही कामं त्याचीच. प्रश्न विचारल्यावर पाच-सात सेकंद थांबायचं, हे दूरच्या शिक्षकाला बजावून सांगा. आवाज पोचायला लागणारा वेळ आणि मुलांची भीड, दोन्ही त्यात धरलेलं आहे. लगेच पुढे गेलं की वर्ग चार तासांत मुका होतो.

सामानात आवाजाला पहिला मान द्या. चित्र अडखळलं तर मुलं सहन करतात, आवाज तुटला की तिसऱ्या मिनिटाला खिडकीबाहेर बघतात. टेबलावरचा कॉन्फरन्स स्पीकरफोन दोन-तीन मीटरपर्यंतच नीट ऐकतो. सात मीटरच्या खोलीत मागच्या बाकाचा आवाज जात नाही. सोपा उपाय म्हणजे लांब वायरचा हातातला माइक, बोलणाऱ्या मुलाकडे द्यायचा. त्याने वर्गात शिस्तही येते! ब्लूटूथ स्पीकर टाळा: तो आवाज उशिरा सोडतो, त्यामुळे प्रतिध्वनी काढून टाकणारी प्रणाली गोंधळते आणि दूरच्या शिक्षकाला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. कॉलवर खोलीतलं एकच उपकरण ठेवा. कॅमेरा खिडकीकडे तोंड करून नको. मुलांच्या नुसत्या सावल्या दिसतात.

ॲपमध्ये एचडी बंद करा. ३६०पीला वर-खाली एक एमबीपीएसही पुष्कळ होतो आणि नुसता आवाज १०० केबीपीएसच्या आत बसतो. गणित शिकवताना शिक्षकाचा चेहरा मोठा दाखवून काय उपयोग? कागदावर वरून रोखलेला फोन, जाड स्केचपेन आणि हळू हात. चेहरा पहिली पाच मिनिटं, मग बंद.

आणि नेट गेल्यावर काय, हे आधीच ठरलेलं हवं. त्या तासाची प्रश्नपत्रिका आदल्या दिवशी छापून वर्गात ठेवलेली असली की साध्या फोन कॉलवर, स्पीकर लावून, तास पुढे नेता येतो. "प्रश्न चार बघा" एवढं ऐकू आलं की पुरतं.

रात्रशाळा

घरच्या अभ्यासाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. हा बेतातला सगळ्यात कच्चा दुवा आहे. शाळेत सगळ्यांना सारखं नेट मिळतं, घरी नाही. रात्री आठला मिळणाऱ्या एका फोनवर तीन भावंडं असतील तर धाकटीच्या वाट्याला काय येणार? व्हिडिओ बघितल्याशिवाय दुसऱ्या दिवशीचा तास समजणारच नाही अशी रचना केली तर ज्यांच्याकडे फोन नाही ती मुलं आणखी मागे पडतात. तासिका म्हणतात ते 'आदल्या दिवशी बघावं' हे शाळेतच, शाळेच्या वेळात व्हायला हवं.

घरी फक्त असं काम द्या ज्यात फोन नसला तरी अडत नाही, आणि असला तर थोडी मदत होते. बोट्सवानात २०२० साली शाळा बंद असताना एक प्रयोग झाला होता. एका गटातल्या घरांना आठवड्याला गणिताचे एसएमएस; दुसऱ्या गटाला एसएमएस आणि शिवाय १५-२० मिनिटांचा शिक्षकाचा फोन. दुसऱ्या गटातल्या मुलांचं गणित सुधारलं, नुसत्या एसएमएसने ठोस फरक पडला नाही. साधा फोन, ब्रॉडबँड नाही, पण पलीकडे माणूस होता. चार शिक्षकांना ११० घरी दर आठवड्याला फोन जमणार नाही, हे उघड आहे. सर्वात मागे असलेली बारा-पंधरा मुलं निवडा, तेवढं जमतं.

ग्रुपवर काही पाठवायचंच तर वजन बघून पाठवा. पाच मिनिटांचा बोललेला संदेश १६ केबीपीएसला ६०० केबी होतो. वहीच्या पानाचा थेट फोटो तीन-चार एमबी, आणि अशी दहा पानं जोडून केलेली पीडीएफ फोन भरून टाकते. तोच मजकूर टाइप केला तर शंभर-दोनशे केबी. व्हिडिओ हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घालून ८५४ बाय ४८० आकार, सेकंदाला १५ चौकटी, दर्जा आरएफ २८, आवाज मोनो ४८ केबीपीएस असा काढा. फळ्यावरच्या धड्याला हे पुष्कळ होतं आणि फाइल निम्म्याहून लहान होते. मात्र आकडे बारीक असतील तर आधी एका लहान पडद्यावर वाचता येतात का ते बघा.

संध्याकाळी शाळेच्या भिंतीबाहेर वायफाय सोडायची कल्पना कुणी ना कुणी सुचवेलच. वाईट नाही, पण अंधार पडल्यावर तिथे कोण बसतं ते बघा. मोठी मुलं बसतील. मुलींना घरून सोडतीलच असं नाही. सुरू केलंत तर साडेसहाला बंद, प्रत्येक उपकरणाला दोन एमबीपीएसची मर्यादा, उपकरणांनी एकमेकांना बघू नये म्हणून क्लायंट आयसोलेशन, आणि पाहुण्यांचं जाळं शाळेच्या जाळ्यापासून वेगळं. डीएनएसवरचा (साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेवरचा) फिल्टरही लावा, पण त्यावर विसंबू नका. टॅबवर दुसरा डीएनएस टाकला की तो निघून जातो, म्हणून राउटरवरच बाकीचे डीएनएस अडवावे लागतात.

डोंगरकडा

मध्येच विचारतो. आमच्याकडे फायबर शाळेच्या पाच किलोमीटर अलीकडे थांबलंय. तिथून रेडिओ लिंक करावी की सॅटेलाइट घ्यावा?

वायरमन

@डोंगरकडा, दोन्ही टोकं एकमेकांना उघड्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून दिसत असतील तर रेडिओ. मात्र नुसतं दिसणं पुरत नाही. ५.८ गिगाहर्ट्झवर पाच किलोमीटरच्या मध्यावर फ्रेनेल झोनची, म्हणजे रेडिओ लहरींना लागणाऱ्या मोकळ्या पट्ट्याची, त्रिज्या आठ मीटरच्या आसपास येते, त्यातला साठ टक्के भाग, म्हणजे नजरेच्या रेषेभोवती सुमारे पाच मीटर, मोकळा हवा. मध्ये झाडांचे शेंडे घुसले तर उन्हाळ्यात लिंक चालते आणि पावसाळ्यात ओली पानं ती खातात. सर्वेक्षण झाडं पानांनी भरलेली असताना करा. सिग्नल उणे ५० ते उणे ६५ डीबीएममध्ये आला की समाधान माना. खांबाला अर्थिंग आणि केबलवर दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर न लावता लिंक उभारू नका. आणि पलीकडच्या टोकाला वीज कोण देणार, बॅटरी कोण बघणार, हे आधी ठरवा. लिंक बंद पडण्याचं सगळ्यात साधं कारण तेच असतं.

सॅटेलाइटमध्ये दोन जाती. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. प्रश्न जाऊन उत्तर यायला प्रत्यक्षात ६०० मिलिसेकंद लागतात. धडे उतरवायला ठीक, लाइव्ह तासाला त्रास. पृथ्वीजवळचे, साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणारे, २५ ते ६० मिलिसेकंद देतात आणि त्यावर कॉल चांगला चालतो. पण डिशला मोकळं आकाश हवं, आणि डिश-राउटर मिळून ५० ते १०० वॅट खातात. वीज जाणाऱ्या शाळेत हा आकडा छोटा नाही.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. तपासणी केली. वायफायवरून राउटरपर्यंतचाच पिंग टॅब चालू केल्यावर १५० ते ४०० मिलिसेकंद होतोय, केबलवरून दोन्ही शांत. म्हणजे आजार वायफायचाच. दोन ॲक्सेस पॉइंट, सर्व्हरला लॅपटॉप, आठवड्याला एक लाइव्ह तास असं ठरतंय. आता विजेचं सांगा. घरगुती इन्व्हर्टर घ्यायचा का?

वायरमन

फक्त नेटसाठी असेल तर नको. ओएनटी ८ वॅट, राउटर ८, दोन ॲक्सेस पॉइंट मिळून २०, छोटा स्विच ५. झाले ४१. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी तासभर धरते, तरी त्याचे १५ मिळवा: ५६ वॅट. तीन तासांना १६८ वॅट-अवर. १२ व्होल्ट ७ अँपियर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर ८४ देते, तिच्यातलं निम्मंच वापरायचं, म्हणजे पाऊण तास. १२.८ व्होल्ट २० अँपियर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी २५६ देते. ८० टक्के वापर आणि दहा टक्के गळती धरली तरी १८० च्या वर हाती लागतात. तीन तास निघतात, पण काठावर. ३० ची घेतलीत तर बॅटरी जुनी होत गेली तरी पुरेल.

इन्व्हर्टर स्वतः चालू राहायलाच १५-२० वॅट खातो, म्हणून एवढ्या छोट्या भाराला बॅटरीवरून थेट डीसी बरं. पण बॅटरीची तार सरळ राउटरला जोडू नका. चार्ज होताना ती १४.४ व्होल्टपर्यंत चढते. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा कन्व्हर्टर हवाच. लॅपटॉपला बहुतेक वेळा १९ व्होल्ट लागतात, त्याला वेगळा. ॲक्सेस पॉइंट पीओईवरचे, म्हणजे नेटच्या केबलमधूनच वीज घेणारे, असतील तर कोणता पीओई ते खोक्यावर वाचा. ८०२.३एएफवाल्याला ४८ व्होल्टची जात लागते, काही स्वस्त डब्यांना २४ व्होल्ट पॅसिव्ह. अदलाबदल झाली तर डबा जळू शकतो.

प्रोजेक्टर या बॅटरीवर घेऊ नका, एकटा अडीचशे वॅट खातो. लाइव्ह तासासाठी ४३ इंची एलईडी टीव्ही ६०-८० वॅटमध्ये भागतो आणि खिडक्या उघड्या ठेवून दिसतो.

एक गोष्ट वीज गेल्यावर तपासून बघा. तुमचं सगळं बॅटरीवर चालू असताना ओएनटीवरचा लाल दिवा लागतो का? जीपॉनमध्ये रस्त्यातल्या स्प्लिटरला (एक फायबर अनेकांत वाटणाऱ्या भागाला) वीज लागतच नाही, पण पलीकडच्या टोकाचं यंत्र, म्हणजे ओएलटी, बॅकअपशिवाय असेल तर तुमची बॅटरी भरलेली असून नेट जाईल. तसं होत असेल तर राउटरला सिमकार्डाचा डोंगल लावून ठेवा आणि फायबर गेल्यावर फक्त कॉलचा लॅपटॉप त्यावर जाईल असा नियम घाला. सगळे टॅब त्यावर सोडले तर दिवसाचा डेटा पहिल्या तासालाच संपेल.

जुनी_वही

त्यात एवढं जोडा: वीज आल्यावर लॅपटॉप आपोआप सुरू होऊन कोलिब्रीही आपोआप उठते का, ते सुट्टीच्या दिवशी प्लग काढून बघा. आणि राउटर, कोलिब्री, ॲक्सेस पॉइंट यांचे पासवर्ड एका वहीत लिहून कपाटात ठेवा. ज्या शिक्षकाने सगळं बसवलं त्याची बदली झाली की शाळा पासवर्डपाशीच अडकते.